गाडीतला टेप मध्येच बंद पडतोय? सेट बदलण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात आबांना घेऊन कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालो होतो. बालिंग्याचा पूल ओलांडला, भजन रंगात आलं आणि टेप गप्प झाला. स्क्रीन काळी. दोन-तीन खड्डे गेले आणि आपोआप सुरू झाला. कळ्यापर्यंत असं चारदा झालं. परत आल्यावर एका दुकानात गाडी दाखवली. त्यांनी सेट बाहेरही न काढता सांगितलं, "बोर्ड गेलाय, नवा टाका." टाकला. आठवड्यात नवा सेटही तसाच बंद पडायला लागला.

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या वायरमनकडे गाडी नेली. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "सेट कशाला बदलाय लागलाय? बंद पडून चालू झाला की आधी घड्याळ बघा की."

सेटवरचं घड्याळ का बघायचं, हे कळलं की निम्मं काम झालं. बाजारातल्या बहुतेक सेटच्या मागे करंटच्या तीन मुख्य वायरी असतात. पिवळी थेट बॅटरीवरून येते, तिच्यात कायम 12 व्होल्ट असतात आणि घड्याळ, लावून ठेवलेली स्टेशनं तिच्यावरच टिकतात. लाल वायरीत किल्ली फिरवल्यावरच करंट येतो, तिचं काम सेटला "चालू हो" म्हणायचं. काळी म्हणजे अर्थ, करंट बॅटरीकडे परत नेणारी. सेट बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर घड्याळ 12 वर गेलेलं असेल, स्टेशनं पुसलेली असतील, तर दोष पिवळ्या नाहीतर काळ्या वायरीच्या वाटेवर. घड्याळ बरोबर असेल तर लाल वायर, तिचा फ्यूज किंवा इग्निशन स्विच (किल्लीमागचा स्विच). अँड्रॉइड सेटवर घड्याळाचा भरवसा धरू नका, ते मोबाइल किंवा जीपीएसवरून वेळ भरून घेतं. तिथे कंपनीच्या लोगोपासून सगळी सुरुवात होते का ते बघा. होत असेल तर पिवळी-काळी तपासा.

माझं घड्याळ दर वेळी 12 वर जायचं.

मीटर 12 दाखवतो म्हणून खुश होणे

इथे बहुतेकजण फसतात. सेटचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) काढायचा, मोकळ्या पिवळ्या वायरीला व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर लावायचा, 12.4 आकडा आला की "करंट येतोय" म्हणून सोडून द्यायचं. पण वायरीच्या वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी मोकळ्या टोकाला मीटर पूर्ण 12 दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. सेटने आवाज वाढवून करंट मागितला की तीच तार दम तोडते. म्हणून कपलर जोडलेला, गाणं मोठ्याने चालू आणि मीटरची टोकं कपलरच्या मागून आत घातलेली, अशा स्थितीत मोजा. इंजिन बंद असताना 12 च्या वर आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसायला हवेत.

अर्थचीही अशीच परीक्षा घ्या. मीटरचं एक टोक सेटच्या काळ्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला. गाणं चालू असताना आकडा 0.1-0.2 व्होल्टच्या आसपास असला तर अर्थ चांगली. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर वाटेत कुठेतरी गंज, रंग किंवा ढिला स्क्रू आहे.

आमच्या वायरमननी मीटर लावून ठेवला आणि दुसऱ्या हाताने डॅशबोर्डमागची वायरिंग नुसती हलवली. आकडा 0.1 वरून उडाला, स्क्रीन काळी झाली. हात तिथेच थांबवून त्यांनी वायर बाहेर ओढली. आधीच्या मालकाने सेट बसवताना काळी वायर नुसती पीळ देऊन जोडली होती आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. उन्हाळ्यात पट्टीचा गोंद वितळून पट्टी सैल झाली होती. आतलं तांबं हिरवं पडलं होतं, पीळ बोटाने ओढला तर सुटून आला. कंपनीची वायरिंग तोडून जोडलेल्या बहुतेक सेटची दुखणी अशाच जॉइंटमध्ये असतात. आपल्याकडचा पाऊस आणि गाडीत मुरणारी ओल धरली तर पीळ आणि चिकटपट्टी हा जॉइंटच नव्हे. कथिलाचा डाग द्या आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) बसवा, नाहीतर चांगल्या पकडीने क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून बसवा. सगळ्यांत उत्तम म्हणजे आपल्या गाडीचा तयार कपलर आणा, म्हणजे कंपनीची वायर तोडावीच लागत नाही.

अर्थ बॉडीला द्यायची असेल तर रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर द्या. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधला कुठलाही स्क्रू पत्र्यापर्यंत जातोच असं नाही.

फ्यूज मोठा घालणे

फ्यूज वारंवार उडतो म्हणून 10 अँपिअरच्या जागी 20 चा घालणारे आणि चमकी कागदाची चांदी गुंडाळणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. कृपा करून हे करू नका. फ्यूज वायरीला वाचवतो. मोठा फ्यूज घातला की आधी वायर तापते, मग तिचं प्लास्टिक वितळतं आणि हे सगळं तुमच्या गुडघ्यासमोर डॅशबोर्डच्या आत चाललेलं असतं. फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे नाहीतर वायरीवर भार जास्त होतोय, ते शोधा. फ्यूज उडत नसला तरी एकदा काढून त्याचे पाय आणि खाच बघा. काळपट किंवा सैल असेल तर धक्क्याने करंट तुटतो. एक फ्यूज बॉक्समध्ये असतो आणि बऱ्याच सेटच्या पाठीवर दुसरा असतो, तो विसरला जातो.

आवाज वाढवला किंवा दार आपटलं की सेट बंद पडतोय? मग स्पीकरच्या वायरी बघा. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर रोज वाकते, सोलते आणि पत्र्याला टेकते. सेट स्वतःला वाचवायला बंद होतो. एकेक स्पीकर सोडवून बघितलं की गुन्हेगार सापडतो. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला अर्थ करायची चूकही होते. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी स्वतंत्र सेटपर्यंतच जायला हव्यात.

मोठा अँप्लिफायर सेटच्या पिवळ्या वायरीवर चढवू नका. त्याची जाड वायर थेट बॅटरीवरून घ्या आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवा.

सेल्फ मारताना सेट क्षणभर बंद होतो, तो बऱ्याच गाड्यांत बिघाड नसतो. किल्ली स्टार्टवर असताना लाल वायरीचा करंट गाडीच तोडते. मात्र तेव्हा घड्याळही पुसलं जात असेल तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी पावडर साठली आहे. आणि किल्ली हलवली की सेट बंद-चालू होत असेल तर इग्निशन स्विच झिजलाय. किल्लीला लटकवलेला जड जुडगा आधी काढा.

हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मीटर लावायच्या वेळेपुरतीच जोडा. कंपनीचा सेट असेल तर त्याचा कोड हाताशी ठेवा, काही सेट बॅटरी काढल्यावर कोड मागतात. पिवळ्या रंगाचे मोठे कपलर किंवा पिवळं वेष्टन दिसलं तर हात लावू नका, ती एअरबॅगची वायरिंग असते.

जॉइंट झाला की पॅनेल लगेच दाबून बसवू नका. वायरमननी माझा सेट तसाच अर्धवट ठेवून मला शिरोलीच्या पुढपर्यंत एक फेरी मारून यायला सांगितलं. प्रत्येक गतिरोधकावर आमचे डोळे घड्याळावर होते. परत आलो तेव्हा वेळ बरोबर होती, मग त्यांनी वायरी स्पंजच्या पट्टीत गुंडाळून पॅनेल बसवलं. जुना सेट पुन्हा जोडून पाहिला, तोही चांगला चालतो. तो आता आबांच्या खोलीत 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर लावून दिलाय.