तीन आठवडे आयरिश बोलणाऱ्या घरात: मराठी पालकांसाठी काही अनुभव

माझी मुलगी डब्लिनमधील माध्यमिक शाळेच्या दुसऱ्या वर्षात असताना आम्ही तिला पश्चिम आयर्लंडमधील कॉनेमारा भागातील कॅरारो परिसरात तीन आठवड्यांच्या आयरिश भाषेच्या अभ्यासक्रमाला पाठवले. आयर्लंडमध्ये नव्याने स्थिरावणारी मराठी कुटुंबे याविषयी मला वारंवार विचारतात, म्हणून जे पाहिले आणि ज्यात आमचे चुकले, ते येथे लिहीत आहे.

आयरिश ही ज्या भागांत समाजाची बोलभाषा म्हणून टिकून आहे, त्यांना गेल्टाख्ट म्हणतात. डोनेगल, मेयो, गॉलवे आणि केरी या पश्चिमेकडील परगण्यांत हे भाग मोठे आहेत. कॉर्क, वॉटरफर्ड आणि मीथ येथेही त्यांचे लहान पट्टे आहेत. या भागांत जाऊन भाषा शिकण्याची परंपरा जुनी आहे. कॉर्कमधील बॅलिनगिअरी येथे 1904 साली अशा प्रकारचे पहिले महाविद्यालय निघाले, ते मुख्यतः शिक्षकांना आयरिश शिकवता यावी म्हणून. आज मात्र जून ते ऑगस्ट या काळात अशा महाविद्यालयांत जाणाऱ्यांत किशोरवयीन मुलेच अधिक असतात.

सकाळी वर्ग, दुपारी खेळ किंवा समुद्रकिनारा आणि रात्री केली, म्हणजे सामूहिक नृत्य, असा दिवसाचा क्रम असतो. परंतु माझ्या मते खरे शिक्षण मुले ज्या घरी राहतात तेथे होते. घरच्या बाईला ‘बॅन अन ती’ म्हणतात. तिच्याकडे एकाच वेळी अनेक मुले उतरतात आणि त्यासाठी सरकार त्या घराला प्रत्येक मुलामागे अनुदान देते. जेवण वाढणे, ओले कपडे वाळत घालणे, झोपायची वेळ झाली म्हणून हाक मारणे हे सगळे आयरिशमधून चालते. वर्गात चूक होईल या भीतीने गप्प बसणारी माझी मुलगी चौथ्या दिवशी दुसऱ्यांदा बटाटे मागण्यासाठी आपणहून बोलली, आणि माझ्या लेखी तिची भाषा तेथून सुरू झाली. म्हणून चौकशी करताना शिक्षकांइतकेच घराविषयी विचारावे: एका खोलीत किती मुले असतात, वर्गापर्यंत किती चालावे लागते, शाकाहारी मुलांसाठी काय शिजते. आम्ही आहाराविषयी अर्जात एक ओळ लिहून निश्चिंत राहिलो आणि पहिला आठवडा तिने बहुतेक ब्रेड व बटाट्यांवर काढला. आधीच दूरध्वनी करून काय चालते आणि काय नाही हे सविस्तर सांगितले असते, तर हे टळले असते.

इंग्रजी न बोलण्याचा नियम तेथे मनापासून पाळला जातो. वारंवार इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला घरी परत पाठवण्याची तरतूद अनेक ठिकाणी असते, त्यामुळे ही अट मुलाला निघण्यापूर्वीच नीट समजावून सांगावी. मी तिच्याकडून क्रियापदांचे तक्ते पाठ करून घेतले होते. त्याऐवजी भूक लागली, थंडी वाजते, समजले नाही, पुन्हा सांगाल का, अशी वीसपंचवीस वाक्ये तोंडात बसवली असती, तर पहिले दिवस सोपे गेले असते.

मराठी मुलांना येथे एक आधार आहे. आयरिशमध्ये भूक लागल्यावर ‘ता उक्रस उरम’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘माझ्यावर भूक आहे’. आपणही ‘मला भूक लागली’ असेच म्हणतो, भूक लागलेल्या माणसाला कर्ता करत नाही. ‘माझ्यापाशी पुस्तक आहे’ ही रचना तर जवळजवळ तशीच्या तशी आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ यांसाठी आयरिशमध्ये स्वतंत्र शब्द नाहीत. ‘भूक आहे का?’ याला ‘आहे’ असे क्रियापदानेच उत्तर देतात, आणि ही सवय आपल्या मुलांना घरातूनच असते. अडते ते शब्दांच्या आरंभी होणाऱ्या बदलांपाशी: आई म्हणजे ‘मॉहर’, पण माझी आई म्हणजे ‘मो वॉहर’. त्यासाठी कानाला सवय लागण्याखेरीज दुसरा उपाय मला दिसला नाही.

डोनेगल, कॉनेमारा आणि केरी येथील बोली इतक्या वेगळ्या आहेत, की ‘कशी आहेस?’ हा साधा प्रश्नही तीन ठिकाणी तीन प्रकारे विचारतात. पहिल्या वेळी याची काळजी करू नये. मात्र लीव्हिंग सर्टिफिकेट या शालेय शिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेच्या आधीच्या उन्हाळ्यात शाळेतील शिक्षकांच्या बोलीचा प्रदेश निवडणे हिताचे, कारण त्या परीक्षेत 2012 पासून आयरिशचे 40 टक्के गुण तोंडी भागाला आहेत.

तीन आठवड्यांचा खर्च साधारणपणे हजार युरोंच्या वर जातो आणि चांगल्या ठिकाणच्या जागा हिवाळ्यातच भरू लागतात. काही शिष्यवृत्त्याही असतात, त्यामुळे डिसेंबरमध्येच शाळेत विचारावे. सामानात चांगला रेनकोट आणि बुटांचे दोन जोड हवेतच. अटलांटिकच्या काठी जुलैमध्येही सलग पाऊस पडतो. फोन बहुतेक ठिकाणी जमा करून ठराविक वेळीच देतात. पहिल्या रविवारी मुलगी फोनवर रडली आणि तिला घेऊन यायला मी जवळजवळ निघालेच होते. बॅन अन तीने मला बुधवारपर्यंत थांबायला सांगितले. बुधवारी तिचा फोन आला, तो मला नव्हे, वडिलांना होता, आणि केलीसाठी हलके बूट पाठवता येतील का, एवढेच तिला विचारायचे होते.