गाडीच्या कूलिंगमधली हवा काढायला बसण्यापूर्वी

थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा होज पाइप बदलला, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, नवं भरलं, तरी चढाला तापमानाचा काटा लालकडे सरकतोय, तर बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. ती काढायची तर हीटरचा नॉब पूर्ण गरमावर हवा. हे आधीच लिहून ठेवतोय, कारण गेल्या वेळी बाकी सगळं झालं आणि नेमकं हेच राहिलं.

इंजिन गार हवं, रात्रभर उभ्या गाडीसारखं गार. रेडिएटरचं तापलेलं झाकण उघडायचं नाही, ओलं फडकं धरूनही नाही. आतल्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की तेच उसळून तोंडावर येतं. यावर वाद नको.

नरसाळं, पक्कड, फडकी, खाली ठेवायला टब. कूलंट मात्र बघून आणा. हिरवं की लाल यावर जाऊ नका, रंग जो तो आपल्या मर्जीनं घालतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच घ्या. बाटलीवर ‘रेडी टू यूज’ लिहिलं असेल तर पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर साधारण निम्मं-निम्मं, आणि तेही डिस्टिल्ड पाणी. बोअरचं ओतलंत तर आत क्षारांचा थर बसणार.

गाडी चढाला, नाक वर करून लावा. हवा वर जाते, म्हणून भरायचं तोंड सगळ्यात उंच हवं. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा.

आता हीटर. चावी ऑन, नॉब लाल टोकापर्यंत, ब्लोअर एकवर. आपल्याकडे हीटरला हात लावतो कोण? फार तर पावसात काचेवरची वाफ घालवायला. एरवी नॉब वर्षभर निळ्यावर. काही गाड्यांत त्यामुळे हीटरकडे जाणारा व्हॉल्व्हच बंद राहतो, डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधली हवा तिथेच बसते आणि पुढे कधीतरी सुटून इंजिनात येते. तुमच्या गाडीत व्हॉल्व्ह नसला तरी गरमावरच ठेवा. एसी मात्र बंद. एसी चालू असला की रेडिएटरचा पंखा इंजिन तापायच्या आधीच फिरायला लागतो आणि आपण फसतो.

झाकण काढून बारीक धारेनं भरा. रेडिएटरला झाकणच नसेल तर हे सगळं कूलंटच्या बाटलीतून. मधूनमधून वरचा जाड पाइप दाबत राहा, बुडबुडे वर येतात. ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, असेल (सगळ्या गाड्यांत नसतो) तर सैल करा, आणि बुडबुडे जाऊन सलग धार लागली की बंद. प्लॅस्टिकचा असेल तर जोर नको, त्याचं डोकं तुटून हातात येतं.

झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करा. हीटर गरमावर आहे ना? आठवू नका, आत वाकून बघा. थर्मोस्टॅट बऱ्याच गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या आसपास उघडतो; तेव्हा पातळी गपकन खाली जाते. भरत राहा, तोंड लांब ठेवून. बाही, ओढणी पट्ट्यापासून दूर. पंखा लागून बंद होऊन पुन्हा लागेपर्यंत थांबा. इंजिन तापलंय आणि हीटरमधून गार वारा येतोय, म्हणजे हवा अजून आतच आहे किंवा नॉब निळ्यावर आहे. फक्त काट्यावर विसंबू नका. सेन्सरभोवती पाण्याऐवजी हवा असली की तो काहीही दाखवतो.

बुडबुडे थांबतच नाहीत, ऑइल दुधाळ चहासारखं झालंय, तर संशय हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलचा. हे घरचं काम नाही, गॅरेज गाठा.

नाहीतर झाकण लावा, त्याचं रबर बघून. सांडलेलं लगेच पुसा. कूलंट गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि दगावतात. जुनं गटारात नको. सकाळी गार इंजिनावर बाटलीतली पातळी मिन-मॅक्सच्या मध्ये आहे का बघा, गावात एक फेरी, पुन्हा गार झाल्यावर पातळी, मग खंबाटकी घाट.