सेल खरंच संपलाय का? लोड देऊन बघा

डिसेंबर लागला, पारा खाली आला की आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या गल्लीत एक तक्रार ठरलेली: "काकू, गॅस गिझर पेटत नाहीये. टिकटिक होते, पण जाळ धरत नाही." मेकॅनिकला फोन करण्याआधी त्यातले दोन मोठे सेल काढून आणा, असं मी सांगते. त्यावर पुढचं वाक्यही ठरलेलं: "आम्ही मीटर लावून बघितला, दीड व्होल्ट दाखवतोय. सेल चांगलेच आहेत!"

तो दीडचा आकडा खोटा नसतो, पण अर्धवट असतो. मी अंबडमधल्या एका कारखान्यात कॅलिब्रेशन विभागात होते. मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे बघण्याचाच पगार मिळायचा. मल्टिमीटर सेलमधून जवळजवळ करंट घेतच नाही. त्यामुळे आराम करत पडलेला थकलेला सेलही त्याला बऱ्यापैकी व्होल्टेज दाखवतो. सेल जसा वापरला जातो तसा त्याचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढत जातो. गिझरच्या ठिणगीने, खेळण्यातल्या मोटरने करंट मागितला की ते व्होल्टेज आतल्या आतच खर्ची पडतं आणि बाहेर काही पोचत नाही. थंडीत हा रेझिस्टन्स आणखी वाढतो. गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत बसवलेला असतो, आणि तो तिथेच असायला हवा. म्हणून निफाडकडून गारठा आला की उन्हाळ्यात चालून गेलेले सेल पहाटे हात टेकतात.

तर सेल तपासायचा म्हणजे त्याला थोडं काम, म्हणजेच लोड, द्यायचं आणि त्या वेळी तो किती टिकतो ते बघायचं.

सामान फार लागत नाही. दोन-तीनशे रुपयांत मिळणारा साधा पिवळा मल्टिमीटर या कामाला पुरतो. सोबत दोन रेझिस्टर, म्हणजे करंटला ठरावीक अडथळा करणारे छोटे भाग, घ्या: एक १० ओहमचा अर्ध्या वॉटचा (पट्टे तपकिरी, काळा, काळा) आणि एक ४७० ओहमचा (पिवळा, जांभळा, तपकिरी). महात्मा गांधी रोडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारलंत तर किरकोळ पैशांत मिळतील. मीटरची काळी वायर 'कॉम'च्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात, आणि चकती डीसी २० व्होल्टवर. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहून गेली नाही ना, ते दर वेळी बघा. तिथे असली तर मीटर सेलला सरळ शॉर्ट करतो, आणि सेलमध्ये जो काही दम असेल तो तिथेच जातो.

आणखी एक, जे फारसं कोणी सांगत नाही. या स्वस्त मीटरच्या पोटातली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तो आकडे चढे दाखवायला लागतो. नवा सेल १.८ दाखवत असेल तर आनंद नको. आधी मीटरची बॅटरी बदला.

आता पेन्सिल सेल घ्या. आधी नुसता मोजा. नवा अल्कलाइन १.५५ ते १.६ दाखवतो. नुसताच १.२ च्या खाली असेल तर पुढे तपासत बसू नका, तो गेला. त्याच्या वर असेल तर १० ओहमच्या रेझिस्टरची दोन टोकं सेलच्या दोन टोकांना धरा, मीटरच्या पिनाही तिथेच टेकवा आणि पाच-सहा सेकंद आकडा बघा. दोन हातांत चार टोकं मावत नाहीत. मी सेल टेबलावर चिकटपट्टीने बसवते आणि रेझिस्टरच्या तारा पिनांना गुंडाळून घेते. यात सेलमधून साधारण १५० मिलिअँपिअर करंट जातो, म्हणजे खेळण्याच्या किंवा टॉर्चच्या जवळपास.

ताजा अल्कलाइन जेमतेम हलतो, दीडच्या आसपास थांबतो. लोडवर १.४ च्या वर राहिला तर कुठेही वापरा. १.२ ते १.४ मध्ये असेल तर रिमोट, घड्याळ, वायरलेस माउस. एकच्या खाली गेला तर बाद. आकड्याइतकीच त्याची चालही बघा. चांगला सेल एकदा थोडा खाली येतो आणि तिथे थांबतो. मरायला टेकलेला डोळ्यांदेखत उतरत राहतो: १.३१, १.२७, १.२२... असा उतरता सेल मी आकडा बरा असला तरी रक्तदाब मोजायच्या मशीनमध्ये घालत नाही. सासूबाईंच्या मशीनचा पडदा दुबळ्या सेलवरही छान उजळतो, पण पट्टा फुगवणारी मोटर सुरू झाली की सगळं बंद पडतं.

किराणा दुकानातले साधे कार्बन-झिंक सेल, ज्यांच्यावर अल्कलाइन लिहिलेलं नसतं, त्यांना ही फुटपट्टी थोडी सैल करून लावा. त्यांचा आतला रेझिस्टन्स मुळातच जास्त, म्हणून नवाकोरा सेलही लोडवर अल्कलाइनपेक्षा जास्त खाली येतो. गिझरचे मोठे सेल याच रेझिस्टरवर तपासता येतात. ते लोडवर १.३ च्या खाली गेले की थंडीच्या दिवसांत मी ते काढून टाकते. मात्र पहाटे बाल्कनीतून काढून लगेच मोजा. घरात आणून ऊब लागली की तेच सेल पुन्हा शहाण्यासारखे वागतात.

चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीला १० ओहमचा रेझिस्टर चुकूनही लावू नका, तो जळेल आणि बोटंही भाजतील. तिला ४७० ओहमचा. ताजी बॅटरी लोडवर ९ च्या वर राहते, सातच्या आसपास आली की तिचं काम संपलं. बटन सेलला, म्हणजे वजनकाट्यात किंवा गाडीच्या किल्लीत असतो त्या २०३२ ला, हाच ४७० ओहमचा रेझिस्टर दोन सेकंद पुरे. नवा नुसता मोजला तर ३.२ च्या आसपास असतो, लोडवर २.७ च्या खाली गेला तर बदला.

चार्जिंगच्या सेलना मात्र हा हिशोब लागू पडत नाही. चार्जरमधून काढल्याबरोबर ते १.४ दाखवतात, मग बराच काळ १.२ ते १.३ वर रेंगाळतात आणि शेवटी एकदम कोसळतात. मधल्या काळात ८० टक्के उरलंय की ३० टक्के, हे व्होल्टेजवरून कळत नाही. सेल पूर्ण रिकामा करून किती मिलिअँपिअर-अवर, म्हणजे किती साठा, निघाला ते मोजणारे चार्जर मिळतात. घरात असे सेल बरेच असतील तर तो घ्या. कानाच्या मशीनच्या झिंक-एअर बटन सेलचंही असंच, शेवटपर्यंत सपाट. त्याचा चिकट कागद काढल्यावर हवा आत जायला मिनिटभर द्या, मगच मशीनमध्ये घाला.

मीटर नसेल तर? अल्कलाइन सेल फरशीवर एक-दोन इंचांवरून उभा सोडून बघण्याची युक्ती व्हॉट्सअपवर फिरते: टप्पा पडून उसळला तर संपलेला, धप्पकन बसला तर चांगला. यात तथ्य आहे. नव्या सेलमधली जस्ताची पूड पेस्टमध्ये सुटी असते, धक्का जिरवते. वापर होत गेला की त्या जस्ताचं ऑक्साइड होऊन कण एकमेकांना धरतात आणि सेल उसळायला लागतो. पण प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की साधारण अर्धा सेल वापरला गेला की उसळी वाढायची थांबते. म्हणजे उसळणारा सेल नवा नाही, एवढंच कळतं. अर्धा भरलेला सेल या नादात कचऱ्यात जाऊ शकतो. कार्बन-झिंकवर तर ही युक्ती चालवूच नका. सेल उन्हात ठेवणं, रिमोटमध्ये फिरवणं हेही सगळे करतात. उन्हाने आतली रासायनिक क्रिया थोडा वेळ जोर धरते, फिरवल्याने पत्रीवरचा गंज घासला जातो. दोन्हींत सेल भरत मात्र नाही. ९ व्होल्टची बॅटरी जिभेला लावणाऱ्यांना माझा नमस्कार.

एका उपकरणात तीन-चार सेल असतील तर प्रत्येक वेगळा मोजा. बरेचदा एकच मेलेला असतो आणि बाकीच्यांना खाली ओढतो. चांगले त्यातून उलटा करंट ढकलतात आणि तो गळायला लागतो. मोजून झाल्यावर सारख्या आकड्यांच्या जोड्या लावा. आमच्याकडे सेलची उतरंड ठरलेली आहे: नवे सेल बीपी मशीनमध्ये, तिथून उतरलेले नातवाच्या गाडीत, मग रिमोटमध्ये, शेवटी भिंतीवरच्या घड्याळात. घड्याळाला एक मिलिअँपिअरही लागत नाही, त्यात नवा अल्कलाइन घालणं मला उधळपट्टी वाटते. घड्याळाचा सेल तपासायला रेझिस्टरही लागत नाही. सेकंद काटा ९ च्या जवळपास जागच्या जागी थरथरायला लागला की सेल संपला समजा, कारण तिथेच काट्याला सगळ्यात जास्त जोर लावून वर चढायचं असतं.

बाद झालेले सेल घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात मिसळू नका. घनकचरा नियमांनुसार ते वेगळे ठेवायचे असतात, म्हणून वेगळ्या पिशवीत द्या. बटन सेल आणि ९ व्होल्टच्या टोकांना आधी चिकटपट्टी लावा, एकमेकांना लागून ते गरम होतात. बटन सेल लहान पोराच्या हाताला लागेल असा ठेवायचाच नाही, संपलेला असला तरी. गिळला गेला तर अन्ननलिका भाजायला दोन तासही पुरतात, त्यामुळे उलटी करवत बसू नका, थेट दवाखाना गाठा.