अकरावीला स्पॅनिश हायर लेव्हल घेताय? आधी या चुका टाळा

आयजीसीएसईचा, म्हणजे इंटरनॅशनल शाळेतल्या दहावीचा, रिझल्ट लागला की आमच्या ऐरोलीत दरवर्षी तेच. लिफ्टमध्ये कोणीतरी आई गाठते, "अगं याला स्पॅनिशमध्ये मस्त मार्क पडलेत, आयबीला हायर घेऊ दे ना?" आयबी म्हणजे त्यापुढचा अकरावी-बारावीचा इंटरनॅशनल डिप्लोमा, त्यात प्रत्येक विषय स्टँडर्ड किंवा त्याहून अवघड हायर लेव्हलला घेता येतो. मी स्वतः स्पॅनिश हायर करून बाहेर पडलेय, सुरुवातीला चांगलीच आपटलेय, आणि आता शनिवार-रविवार घरी चार-पाच पोरांना शिकवते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दहावीच्या मार्कांवर ठरवणं. दहावीला माझं कुटुंब, माझी सुट्टी, माझी शाळा असे टॉपिक असतात आणि घोकून भागतं. मी पण तेच केलेलं. हायरला स्पॅनिशमधल्या दोन साहित्यकृती वाचायच्या असतात आणि ओरल त्यातल्याच उताऱ्यावर, 20 मिनिटं तयारी, 3-4 मिनिटं तुम्ही बोलायचं आणि मग सरांशी चर्चा. पहिल्या प्रॅक्टिसला सरांनी विचारलं, हा माणूस बायकोशी खोटं का बोलत असेल? उत्तर मला मराठीत येत होतं, इंग्लिशमध्ये येत होतं, स्पॅनिशमध्ये मी "सी... सी..." करत बसले. लिहायचं पण तसंच, स्टँडर्डला 250 ते 400 शब्द आणि हायरला 450 ते 600.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी घरी एक करून बघा. कुठल्याही स्पॅनिश गोष्टीचं एक पान घ्या, डिक्शनरी बंद, अर्धा तास. मग त्यातल्या माणसाबद्दल तुमचं मत दहा ओळीत लिहा, मोबाईल लांब ठेवून. चुका किती झाल्या ते सोडा, दहा ओळी झाल्या का आणि अजून लिहावंसं वाटलं का ते बघा. मुलाला कंटाळा आला तर तो कंटाळा दोन वर्षं येणारे.

दुसरी चूक सगळेच करतात, स्पॅनिश इंग्लिशमधून शिकतात. अरे आपल्याकडे मराठी आहे! "मे गुस्ता एल काफे" म्हणजे सरळ "मला कॉफी आवडते", आंबे असले की "मे गुस्तान", आपलं "आवडतात" तसंच. इंग्लिशवाली पोरं इथे आठवडाभर अडकतात. "बेओ ला कासा" म्हणजे घर बघते, पण माणूस असला की "बेओ आ हुआन", हुआनला बघते, तो "आ" म्हणजे आपला "ला" आहे की नाही? लहानपणी मी आजोळी जायचे ते "इबा", काल गेले ते "फुई". आणि ज्या सबजंक्टिव्हला (इच्छा, शंका सांगताना लागणारं क्रियापदाचं रूप) सगळे घाबरतात त्याच्या बऱ्याच वाक्यांत "तू यावंस" मधलं "यावंस" बसतं. मला हे कोणी सांगितलंच नाही, बारावीत स्वतःच कळलं तेव्हा डोक्यावर हात मारला.

मराठी दगा देते ती "सेर" आणि "एस्तार" या क्रियापदांमध्ये, कारण आपलं दोन्हीकडे "आहे". माझा एक विद्यार्थी दर शनिवारी यायचा आणि म्हणायचा "सोय आबुर्रिदो", म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. त्याला म्हणायचं असायचं "एस्तोय आबुर्रिदो", मला बोअर होतंय. "पोर" आणि "पारा" हे स्पॅनिश शब्द पण तसेच, दोन्ही "साठी". यांची वेगळी वही करा.

तिसरी चूक, विषयांचं गणित न करणं. आयबीला सहा विषय, त्यात साधारण तीन हायर, हायरला 240 तास आणि स्टँडर्डला 150. इंजिनिअरिंग किंवा मेडिकलच्या नादात असलेल्या मुलाच्या दोन जागा आधीच गेलेल्या असतात, तिसरी स्पॅनिशला द्यायची का हे आधी ठरवा. उलट स्पेनमध्ये स्पॅनिशमधून डिग्री करायची असेल तर बी2 (युरोपच्या भाषा-पातळ्यांमधली मधल्याच्या वरची पातळी) च्या आसपासची भाषा लागते, तिथे हायर कामाला येतं.

आणि स्कोअरिंग म्हणून स्पॅनिशचा अब इनिशियो कोर्स घेऊ नका प्लीज. तो नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे, तो फक्त स्टँडर्डला असतो, चार वर्षं शिकलेल्याने तिथे बसणं म्हणजे सातवीतल्याने बालवाडीत जाण्यासारखं.

घेऊन झालंय आणि अडकलाय? बहुतेकदा गाडी लिसनिंगला अडते. लिसनिंग आणि रीडिंग मिळून 50 टक्के मार्क आहेत आणि पोरांनी दोन वर्षं एकाच टीचरचा आवाज ऐकलेला असतो. स्पेनच्या बऱ्याच भागात "ग्रासियास" चं "ग्राथियास" होतं, अर्जेंटिनावाले "यो" ला "शो" म्हणतात, पेपरात असा आवाज आला की गोंधळ. ठाणे-वाशी लोकलमध्ये अर्धा तास जातो ना, तेवढा वेळ रोज वेगळ्या देशाची बातमी कानात घाला, समजली नाही तरी परत तीच.

तरीही दिवाळीपर्यंत रोज रडारड असेल तर शाळेतल्या आयबी कोऑर्डिनेटरशी बोलून स्टँडर्डला या, जितकं लवकर तितकं बरं. साहित्याचा भाग सुटतो, बाकी केलेलं वाया जात नाही. तो सोय आबुर्रिदोवाला असाच ऑक्टोबरमध्ये उतरला, आता मजेत आहे. त्याची दोन्ही पुस्तकं माझ्याकडे पडून आहेत, पेन्सिलने मराठीत अर्थ लिहिलेली, ऐरोलीत कोणाला हवी असतील तर घेऊन जा.