जुना रायवळ तोडण्याआधी: फळांची नोंद, पानांचा नमुना आणि डीएनए चाचणी

हापूसची काढणी आटोपत येते तेव्हा रायवळ, म्हणजे कोयीवर उगवलेला गावठी आंबा, पिकायला लागतो. परसातली, बांधावरची, देवळामागची जुनी झाडे ओळखायची असतील तर कामाचे दिवस हेच. पाऊस सुरू झाला की फळे फळमाशीने किडतात, झाडाखाली चिखल होतो, आणि पोकळ झालेले खोड वाऱ्यात टिकेल याची खात्री नसते. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या पट्ट्यातून गेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' आले. पडलेल्या जुन्या झाडांपैकी ज्यांचे कलम कुणी बांधले नव्हते, ती जात तिथेच संपली. म्हणून या सल्ल्यात क्रम महत्त्वाचा आहे: आधी फळ, मग पान, मग कलमासाठी काडी, आणि प्रयोगशाळा सगळ्यात शेवटी.

डीएनए चाचणीबद्दल अलीकडे बरेच शेतकरी विचारतात. आमच्याकडचा शेपू आंबा आणि शेजारच्या गावातला शेपू एकच का? आजोबांनी गोव्याहून आणलेले कलम नक्की कशाचे? असे प्रश्न चाचणीने सुटू शकतात. इंग्लंडमध्ये जुन्या सफरचंद बागांचे मालक उन्हाळ्यात पाने पाठवतात आणि त्यांचा डीएनए केंट परगण्यातल्या ब्रॉगडेल येथील राष्ट्रीय फळसंग्रहाशी ताडून पाहिला जातो. त्या संग्रहात सफरचंदाच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. तिथे हे काम इतके सोपे होते, कारण जुन्या बागांतली बहुतेक झाडे कलमी आहेत. नाव विसरले गेले तरी त्याच जातीचे झाड संग्रहात असण्याची शक्यता मोठी.

आपल्या रायवळाचे तसे नाही. रायवळ म्हणजे कोयीवर आलेले झाड. आंब्यात परपरागीकरण होते, त्यामुळे एकाच झाडाच्या दहा कोयी लावल्या तर दहा वेगळी झाडे येतात. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, हे कोकणातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. तेव्हा रायवळाची पाने पाठवली तर अहवालात बहुधा 'कोणत्याही नोंदलेल्या जातीशी जुळत नाही' असेच लिहून येईल. हे वाचून पैसे वाया गेले असे समजू नका. याचा अर्थ एवढाच की त्या संग्रहात अशी जात नाही, आणि कदाचित असे झाड जगात एकच आहे. अशा झाडाची काडी दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

चाचणीचा खरा उपयोग होतो तो जुन्या कलमांसाठी आणि नावांच्या गोंधळासाठी. गोव्यातला मानकुराद सिंधुदुर्गात माणकूर म्हणून ओळखला जातो. खोबरी, साखरी, बिटकी, गोटी ही नावे चवीवरून किंवा आकारावरून पडलेली, म्हणून ती गावोगाव सापडतात आणि त्या झाडांचा एकमेकांशी संबंध असेलच असे नाही. एक नाव आणि दहा झाडे, किंवा एक जात आणि चार नावे, असा तिढा डीएनए सोडवतो. आईबापही कधीकधी कळतात. १८८९ साली भारतातून अमेरिकेतल्या फ्लोरिडात गेलेल्या कलमांत मलगोबा होता. त्याची कोय तिथे १९०२ मध्ये लावली गेली आणि १९१० मध्ये त्या झाडाला फळ धरले. तो 'हेडन' आंबा. त्याचा दुसरा पालक बराच काळ माहीत नव्हता. डीएनएच्या अभ्यासातून तो तिथला 'टर्पेंटाइन' हा स्थानिक आंबा असावा असे दिसले. जगभरच्या बाजारात दिसणारा 'टॉमी अ‍ॅटकिन्स' हा त्याच हेडनच्या कोयीचा.

एक गैरसमज मात्र आताच दूर केलेला बरा. देवगडचा हापूस, रत्नागिरीचा हापूस आणि कर्नाटकातला हापूस यांतला फरक ही चाचणी सांगणार नाही. सगळी कलमे एकाच जातीची, त्यामुळे डीएनएमधल्या ज्या ठरावीक खुणा चाचणीत तपासतात, त्यांवर त्यांचा ठसा सारखाच येतो. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला मिळालेले भौगोलिक मानांकन मातीचे आणि हवेचे आहे. डीएनएच्या नावाखाली 'अस्सल देवगड'चे प्रमाणपत्र कुणी देऊ केले तर घेऊ नका.

फळ हातात असताना

झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंची दहा चांगली, झाडावर पक्व झालेली फळे उतरवून घ्या. खाली पडलेली चालणार नाहीत, कारण शेजारच्या झाडाचे फळ त्यात सहज मिसळते. प्रत्येक फळाचे वजन, लांबी, रुंदी आणि जाडी लिहा. चोच स्पष्ट आहे की नाही, देठाजवळ खळगा आहे की खांदे उंच, सालीवरचे ठिपके मोठे की बारीक, पिकल्यावर रंग कुठून चढतो, हे पाहा. मग कापून गराचा रंग, रेषा, रस, कोयीचे वजन. रसातली साखर मोजणारा, हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर गोडी ब्रिक्स या एककात मोजा. नाही मिळाला तर अडू नका. आढीत किती दिवस टिकतो आणि साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणे) होतो का, हे लिहायला बरेचजण विसरतात, पण पुढे रोपे विकायची असतील तर गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारते. पान चुरगळून वास घ्या, चिकाचा वास घ्या. शेपू आंब्यासारखी झाडे वासावरच ओळखली जातात आणि कोणताही डीएनए अहवाल तो वास सांगत नाही.

फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, एक फळ उभे, एक आडवे, एक कापलेले. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजा आणि मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा. झाडाचे वय 'दोनशे वर्षे' असे ऐकीव लिहू नका. 'अमक्यांच्या आजीच्या लग्नाच्या वेळी फळ देत होते' ही नोंद जास्त कामाची. ही माहिती बहुतेक वेळा घरातल्या वयस्कर बायकांकडे मिळते. कोणत्या झाडाची कैरी लोणच्यात वर्षभर करकरीत राहते, कोणता आंबा साठांसाठी आणि कोणता रायत्याला, हे त्यांना नेमके माहीत असते. त्यांनी सांगितलेली सगळी नावे लिहा, एकमेकांशी न जुळणारीसुद्धा.

आणखी एक बिनपैशाची परीक्षा आहे. त्याच झाडाच्या वीसेक ताज्या कोयी वाफ्यात लावा. एका कोयीतून एकच रोप आले तर ते नेहमीसारखे. पण एका कोयीतून तीन-चार कोंब निघाले तर झाड बहुभ्रूणी असू शकते. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः गोव्याकडून केरळपर्यंत, असे काही आंबे आहेत आणि त्यांची बरीच रोपे आईसारखीच निपजतात. असे आढळले तर कृषी विद्यापीठाला जरूर कळवा, खुंट म्हणून, म्हणजे कलम ज्यावर बांधतात ते खालचे रोप म्हणून, त्यांना मोल आहे.

पान कोणते घ्यावे

आंब्याच्या जून पानात चीक आणि टॅनिनसारखी द्रव्ये इतकी असतात की त्यातून स्वच्छ डीएनए काढणे प्रयोगशाळेला जड जाते. कोवळी पालवी हवी. तांबूस किंवा नुकतीच हिरवी होऊ लागलेली. मे महिन्यात जुन्या झाडावर पालवी नसेल तर घाई करू नका. फळांची नोंद आता पूर्ण करा, झाडाला क्रमांक द्या आणि काढणीनंतरची फूट आली की पाने घ्या. झाड तेच आहे ना, हे क्रमांकावरून पटले पाहिजे. क्रमांकाची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सैल तारेने फांदीला बांधा, खोडात खिळा ठोकू नका.

दोन ठिकाणी फसगत होते. जुन्या झाडांवर बांडगूळ माजलेले असते आणि खालून ते पटकन ओळखू येत नाही. नमुना आंब्याच्याच फांदीचा आहे याची खात्री करा. दुसरे, झाड कलमी असेल तर जोडाच्या खालून फुटलेला फोक हा खुंटाचा, म्हणजे रायवळाचा असतो. दुर्लक्षित बागांत असा फोक वाढून मूळ कलमालाच दाबतो आणि मालक म्हणतो, 'आमचा हापूस बिघडला'. जोड शोधा आणि त्याच्या वरचीच पाने घ्या. वर आणि खाली फळे वेगळी दिसत असतील तर दोन्हींचे नमुने वेगळे ठेवा. पानाऐवजी कोय पाठवणारेही असतात. तसे करू नका, कारण कोयीच्या आतल्या बियेत अर्धा वाटा परागकण देणाऱ्या झाडाचा असतो.

चार-पाच पाने पुसून कोरडी करा, कागदी पाकिटात घाला, पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक लिहा. ते पाकीट सिलिका जेल असलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. जेल पानांच्या वजनाच्या दहापट तरी असावे. ओली पाने प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कुरिअरने पाठवली तर वाटेतच बुरशी धरते. प्रत्येक झाडाचे दुसरे पाकीट घरी राहू द्या. नमुन्यांबरोबर ज्याच्याबद्दल शंका नाही अशा पायरीचे किंवा हापूसचे एक पाकीटही केवळ क्रमांक घालून पाठवा. त्याचे उत्तर बरोबर आले की बाकीच्या उत्तरांवर विश्वास ठेवता येतो.

पाने पाठवण्याआधी प्रयोगशाळेला तीन गोष्टी विचारा. किती खुणा तपासणार, कोणत्या संग्रहाशी ताडणार, आणि मूळ आकड्यांचा तक्ता देणार का. तिसरी गोष्ट मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. आज न जुळलेले झाड चार वर्षांनी संग्रह वाढल्यावर जुळू शकते, पण हातात 'जुळत नाही' एवढाच कागद असेल तर पुन्हा पैसे भरावे लागतील. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचे वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र येथून सुरुवात करा. बंगळूरची भारतीय बागवानी संशोधन संस्था, लखनौची केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था आणि दिल्लीतील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरो या संस्था आंब्याच्या जाती आणि त्यांच्या जतनावर काम करतात. एकट्याने एक नमुना पाठवण्यापेक्षा गावाने मिळून निवडक झाडांची पाने पाठवावीत. आधी फळांच्या नोंदी समोर ठेवून शंका असलेलीच झाडे निवडा.

काडी आणि कागद

अहवालाची वाट पाहत कलम लांबवू नका. जून ते ऑगस्ट हा कोय कलमाचा काळ. तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, टोकाचा डोळा फुगलेली काडी निवडा. कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून छाटा. दहा-पंधरा दिवसांच्या, पाने अजून तांबूस असलेल्या रोपावर पाचर मारून कलम बांधा. फार जुन्या झाडाला अशी काडीच नसते. तिथे काढणी झाल्यावर एक-दोन फांद्यांचे शेंडे छाटा, नवी फूट येऊ द्या आणि ती जून झाली की वापरा. कलमे निदान दोन वेगळ्या जागी लावा, एक आपल्या जमिनीत आणि एक गावातल्या दुसऱ्या कुणाकडे.

कोकणात जुने झाड बहुतेकदा सामाईक असते. काडी किंवा पाने घेण्यापूर्वी सगळ्या भाऊबंदांना विचारा, देवराईतले असेल तर मानकऱ्यांना. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जाऊन लोक जैवविविधता नोंदवहीत झाड चढवून घ्या. बाहेरचा कुणी काडी मागायला आला तर कशासाठी नेतो ते लिहून, सही करून घ्या. तुमकुरू जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या 'सिद्दू' फणसाची रोपे बंगळूरच्या संस्थेने करार करून वाढवली आणि विक्रीतला ७५ टक्के वाटा त्या शेतकऱ्याला देण्याचे ठरले. करार झाला म्हणून हे शक्य झाले.

वेगळ्या, गुणी झाडाची 'शेतकऱ्यांची जात' म्हणून नोंदणी २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली करता येते. शेतकऱ्याला त्यासाठी नोंदणी शुल्क नाही. झाडांच्या जातींना आधी नऊ वर्षे आणि नूतनीकरणानंतर एकूण अठरा वर्षांपर्यंत संरक्षण मिळते. अर्जात फळ, पान आणि मोहोराची वैशिष्ट्ये भरावी लागतात. मोहोराचा रंग आणि तुऱ्याची लांबी यंदा नोंदवायची राहिली असेल तर वहीत ती जागा कोरी ठेवा आणि येत्या पौष-माघात त्याच क्रमांकाच्या झाडाखाली जाऊन भरा.