थॅलेसेमियाचं लेकरू सांभाळताना या चुका टाळा

आमच्या लेकीला रक्ताची पहिली पिशवी लागली तेव्हा ती आठ महिन्यांची होती. आता तिला सातवं लागलंय. खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका आम्ही स्वतः केल्यात, ऐकीव गोष्टी फारशा नाहीत.

पहिली चूक तर निदानाच्या आधीची. 'अंगात रक्त कमी' म्हणून लोहाचं टॉनिक मिळालं आणि मी ते नेमाने पाजत राहिले. बाटली संपली की दुसरी आणायची. थॅलेसेमियात लोहाची कमी नसते, हिमोग्लोबिन बनवण्याची कृतीच बिघडलेली असते. टॉनिकने एचबी (हिमोग्लोबिन) हलत नसेल तर बाटली बदलत बसू नका, हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणाऱ्या एचपीएलसी तपासणीबद्दल विचारा. तीही रक्त चढवायच्या आधी. एकदा बाहेरचं रक्त अंगात गेलं की तो रिपोर्ट नीट वाचता येत नाही.

'खेळतीय की, अजून चार दिवस जातील'

या लेकरांना ठरावीक दिवसांनी रक्त चढवावं लागतं. ती तारीख पुढे ढकलायचं हे वाक्य सोलापुरात एप्रिल-मेमध्ये हमखास ऐकू येतं. कॉलेजं बंद, शिबिरं कमी, रक्तपेढीत पिशव्यांची ओढाताण, बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन. आणि लेकरू तर गल्लीत पळतंय. मग कोण घाई करतो?

पण लहान मूल कमी रक्ताची सवय करून घेतं. एचबी सातवर आलं तरी ते खेळेल, फक्त लवकर दमेल आणि संध्याकाळी किरकिर करेल. रक्त चढवण्याआधीचं एचबी साधारण साडेनऊ ते साडेदहा राहावं, असं डॉक्टर बघतात. ते सतत खाली राहिलं तर हाडातला मगज रक्त बनवायच्या धडपडीत फुगतो. कपाळ आणि गालाची हाडं वर येतात, पोटातली प्लीहा (पाणथरी) वाढते. वाढलेली प्लीहा चढवलेलं रक्तच जास्त मोडते, मग पिशव्या वाढतात आणि पिशव्यांबरोबर लोह. एका उन्हाळ्यात आम्ही असे दोनदा चार-चार दिवस 'वाचवले' होते.

आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पुढच्या तारखेला लाल गोल असतो. शेजारी एचबी आणि वजन. रक्त जुळतंय का ते बघायचं, म्हणजे क्रॉसमॅचचं सॅम्पल आदल्या दिवशी जातं. मार्च संपायच्या आत दीर मंडळातल्या पोरांची यादी करतात. पुरुषाला दर तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी रक्त देता येतं, त्यामुळे यादी मोठीच लागते. ही धावपळ उन्हाळ्याची बेगमी म्हणून, बरं का. थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्त मोफत आणि बदली रक्तदाता न मागता द्यायचं, असंच धोरण आहे. कोणी अडवलं तर हे शांतपणे सांगा आणि लेकराचं कार्ड पुढे करा.

पिशवी लावताना

एका डिसेंबरात पिशवी हाताला बर्फासारखी लागली. एवढं गार रक्त लेकराच्या अंगात जाणार म्हणून मी ती पदरात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. सिस्टर ओरडल्याच. पिशवी गरम पाण्यात, उन्हात किंवा काखेत धरून ऊब द्यायची नसते; तांबड्या पेशी फुटतात, जंतू वाढतात. फ्रीजमधून काढल्यावर अर्ध्या तासात ती सुरू व्हायला हवी आणि चार तासांत संपायला हवी.

उलट टोकाची चूकही होते. अक्कलकोटची शेवटची एसटी चुकेल म्हणून एक आजोबा 'बाई, जरा जोरात सोडा की' असा हट्ट धरून बसले होते. वेग लेकराच्या वजनावर ठरतो, एसटीवर नाही.

पहिली पंधरा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवा. थंडी वाजणं, अंगावर गांध्या, कंबर दुखणं, धाप, लघवी काळपट, यातलं काहीही दिसलं तर 'बघू जरा' म्हणू नका, लगेच सिस्टरना बोलवा. पिशवीवरचं नाव, गट आणि नंबर तुम्हीही वाचा. पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त किंवा फिल्टर मिळतो का, तेही विचारा. त्याने तापाची रिॲक्शन कमी होते.

आणि 'आज सुई नाही हं' असं खोटं कधीच सांगू नका. आम्ही सांगितलं होतं. पुढचे तीन महिने ती रिक्षात बसायलाच तयार नव्हती. आता खरं सांगतो, कोणता हात ते तिलाच निवडू देतो. डॉक्टरांना विचारून बधिर करायचं मलम तासभर आधी लावतो.

लोह: जे तोंडावर दिसत नाही

एका पूर्ण पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह अंगात येतं. शरीर दिवसाला बाहेर टाकतं एखाद-दोन मिलिग्रॅम. उरलेलं हृदय, यकृत आणि वाढीच्या ग्रंथींत साचतं. लेकरू मात्र रक्त चढवून गुलाबी दिसतं, म्हणून लोह बाहेर काढायच्या रोजच्या गोळीचं महत्त्व घरात कोणालाच पटत नाही. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले तेव्हा आमच्याकडे आठ दिवस गोळी द्यायचीच राहिली. कोणाच्या लक्षातही आलं नाही!

डेफेरासिरॉक्स या लोह काढणाऱ्या औषधाची विरघळणारी गोळी पाण्यात किंवा संत्र्याच्या रसात, रिकाम्या पोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी द्यायची. दुधात नाही. तळाशी राहिलेला गाळही थोडं पाणी घालून पाजा. याच औषधाची दुसऱ्या प्रकारची गोळी मिळते आणि तिचे मिलिग्रॅम वेगळे ठरतात, त्यामुळे दुकानदाराने 'तेच आहे' म्हटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. उलट्या-जुलाब झाले, लेकरू सुकलं, तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा, कारण मूत्रपिंडावर ताण येतो. डेफेरिप्रोन हे लोह काढणारं दुसरं औषध चालू असेल आणि ताप किंवा घसादुखी आली तर औषध थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासा. या औषधाने लघवी तांबूस होऊ शकते. ते आधीच ठाऊक असलं म्हणजे घाबरगुंडी उडत नाही.

साठलेल्या लोहाचा अंदाज देणारी फेरिटिनची तपासणी तीन महिन्यांनी करतो. तापात ते उगाच वर जातं, म्हणून एका आकड्यावर हरखू नका, खचू नका, चढ-उतार बघा. उतरलं म्हणून गोळी मनाने बंद करणं ही सगळ्यात महाग चूक.

खाण्याचं मात्र लोक फारच ताणतात. सासूबाई अजून 'बीट दे, खजूर दे, रक्त वाढू दे की गं' म्हणतात. पिशवीतल्या लोहापुढे ताटातलं लोह किरकोळ. कडक भाकरी, शेंगाचटणी आमची लेक मजेत खाते. आम्ही टाळतो ते लोह घातलेल्या पावडरी, यकृत, मनाने घेतलेल्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या. चिंचेची आमटी लोखंडी कढईत करत नाही, एवढंच.

शाळेत बाईंना स्वतः जाऊन सांगा. हा संसर्ग नाही, डबा वाटून खाल्ला तरी चालतो.

'पहिल्याला झालं, आता दुसरं ठणठणीत'

हा हिशोब चुकीचा आहे. आई-बाप दोघंही वाहक (स्वतः ठणठणीत, पण दोष अंगात बाळगणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के शक्यता पुन्हा नव्याने असते. आधी दोघांचा जनुकीय दोष तपासून ठेवावा. मग गरोदरपणात साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न सर्रास होतं, तिथे ही गाठ पडायची शक्यता जास्त. लेकीच्या निदानानंतर आमच्या सात नातेवाइकांनी एचबीए-टू (वाहक ओळखायची रक्ततपासणी) तपासलं. साडेतीन टक्क्यांच्या वर आलेले, म्हणजे वाहक, तिघे निघाले, तिघेही धडधाकट. त्यातल्या एकाची सोयरीक तेव्हा चालू होती. मुलीकडच्यांना सांगायला माझे मिस्टर स्वतः गेले. त्यांनी चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी मुलीचं सॅम्पल पाठवलं.