सोलर चार्जिंग: नुसते अँपिअर नको, वॉट जुळवा

आमच्या इंदूरच्या गच्चीवर 330 वॉटचं पॅनेल आणि खाली 12 व्होल्टची बॅटरी आहे. पॅनेलच्या वायरवर 8 अँपिअर, बॅटरीच्या वायरवर 20! काका म्हणाले, मीटर बिघडलाय. मीटर ठीक होता. एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला चार्जर, व्होल्ट उतरवून अँपिअर वाढवतो, म्हणून ताळा वॉटवरूनच करायचा.

1. दुपारी बारा-एकला, बॅटरी थोडी उतरलेली असताना मोजा. भरत आली की अँपिअर आपोआप घटतात. तो पॅनेलचा दोष नव्हे.
2. दोन्हीकडे व्होल्ट गुणिले अँपिअर करा. आमचे 35 × 8 = 280 आणि 13.3 × 20 = 266. मधले 14 वॉट कंट्रोलरमध्ये वाया जातातच.
3. बॅटरीत किती गेलं ते मात्र बॅटरीकडच्या अँपिअरवरून: 20 अँपिअर तीन तास म्हणजे 60 अँपिअर-अवर.

साधा क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावायचा) फक्त एसी करंट मोजतो, आणि पॅनेल-बॅटरीचा करंट डीसी असतो. इंदूरच्या महाराणी रोडवर घेताना डीसी अँपिअर मोजणाराच मागा. आणि मल्टीमीटर 10 अँपिअरवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना कधीही लावू नका, सरळ शॉर्ट होतो.